कोरसमधली आठवी

१

माझं काम सांगायला सोपं आहे. जुनी तबकडी घ्यायची, ओल्या मऊ फडक्यानं गोल गोल पुसायची, मधलं लेबल भिजू द्यायचं नाही. वाळली की लावायची, ऐकायची, संगणकात उतरवायची आणि तक्ता भरायचा. गायक कोण, वाद्यं कोणती, कोरस आहे का, असला तर किती आवाजांचा. तेवीस वर्षं मी हेच करतेय.

गाणी हिंदी सिनेमाची, पण तुम्ही गुणगुणता ती नव्हेत. ज्या सिनेमांची रिळं जळाली, कुजली, कुणी भंगारात घातली, ज्यांचं साधं पोस्टरही उरलं नाही, त्यांची. सिनेमा गेला आणि मागे सव्वातीन मिनिटांची लाखेची एक बाजू राहिली, अशी गाणी.

लोक म्हणतात, काय भाग्य, दिवसभर गाणी ऐकायची! मिठाईच्या दुकानातल्या माणसाला गोडाबद्दल विचारून बघा. बसमध्ये शेजारच्यानं मोबाईलवर गाणं लावलं, की मी उठून उभी राहते. गुडघे दुखले तरी चालतील.

माझी खोली आमच्या संग्रहालयाच्या तळघरात आहे. खिडकी नाही. दार फुगलेलं असल्यामुळे खांद्यानं ढकलावं लागतं, आणि एकदा बंद झालं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. तिथून वर येऊन दोन बस बदलून मी घरी पोचते तेव्हा घरात ताई असते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एका मोठ्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. "थांबा हं, जोडून देते." तो "हं" तिच्या बोलण्यातून रिटायर झाल्यावरही गेला नाही. भाजी वाढतानासुद्धा "थोडी घे हं." दुकानात, रांगेत, कुठेही ती बोलली की कुणीतरी वळून म्हणायचं, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय. तोंड कुणी ओळखत नसे, आवाज सगळे ओळखत. गाण्याच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद होता. बाबा म्हणायचे, ही गायला लागली की घड्याळसुद्धा चुकतं. ताईही हसायची. तिनं गाणं कधी मनावर घेतलं नाही, असं मला वाटायचं.

आता तिचे गुडघे गेलेत. दुसरा मजला, जिना अरुंद. ती दिवसभर खुर्चीत, मी दिवसभर तळघरात. सकाळचा स्वयंपाक मी करते, रात्रीचा मी करते, भांडी मी घासते. तक्रार नाही. पण छप्पन्नाव्या वर्षी माणूस दमतो, आणि दमलेल्या माणसाला एखादी गोष्ट खटकली, तरी तो म्हणतो, असेल काहीतरी.

२

त्या गुरुवारी मी एक नवी पेटी उघडली. नवी म्हणजे आमच्याकडे नवी. पाडलेल्या एका थिएटरच्या अडगळीत सापडलेली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारा तबकड्या. नमुन्यादाखल काढलेल्या असणार, कारण एकीकडेच गाणं होतं, दुसरी बाजू कोरी, गुळगुळीत. लेबलावर सिनेमाचं नाव नाही, गायिकेचं नाही. शाईनं फक्त आकडे, एक ते बारा. बाजारात कधी न आलेली ही गाणी साठ-पासष्ट वर्षांत कुणी ऐकली असणं शक्य नव्हतं.

जेवणानंतर, अडीचच्या सुमारास, मी पहिली लावली. बाईचा आवाज, मागे बायकांचा कोरस. शब्द नाहीत, नुसता आलाप. चालीत एक अडखळ होती. सूर तीन पायऱ्या चढतो, चौथीवर पाय टेकतो, काहीतरी विसरल्यासारखा थांबतो, आणि न चढताच माघारी फिरतो. तेवीस वर्षांत अशी जागा ऐकली नव्हती. तक्त्यात लिहिलं: कोरस, सात आवाज. फाईल ठेवली. घरी आले.

ताई शेंगा सोलत बसली होती आणि गुणगुणत होती. सूर धड नव्हताच. पण तीन पायऱ्या, चौथीवर थांबणं, माघार. अडखळ नेमकी होती.

"काय गुणगुणतेस गं?"

"मी? काहीतरी. दुपारपासून डोक्यात बसलंय."

"दुपारी कधी?"

"आता घड्याळ बघून बसते का मी? जेवण झाल्यावर." तिनं एक दाणा तोंडात टाकला. "तूच म्हणत असशील, चिमे, सकाळी भांडी घासताना."

सकाळी ते गाणं मला माहीतच नव्हतं. मी पिशवी ठेवली, हात धुतले आणि स्वतःला समजावलं. संगीतकार चाली ढापायचे. ही चाल दुसऱ्या कुठल्यातरी गाण्यात गेली असेल, ते रेडिओवर लागलं असेल. आमचा रेडिओ बिघडून दोन महिने झाले होते, हे मला अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

३

शुक्रवारी ताईच्या तोंडात दुसरी चाल होती. ही संथ, जरा रडकी. मी लक्ष दिलं नाही. सोमवारी पेटीतली दुसरी तबकडी लावली आणि सुई टेकल्यावर दहाव्या सेकंदाला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

बुद्धीला एकदा पटवायचं ठरवलं, की ती वकिलासारखी बाजू मांडते. एकाच सिनेमाची गाणी आहेत, चाली सारख्याच असणार. शुक्रवारी ऐकलेलं तुला नीट आठवत तरी आहे का? तीन रात्री झोप कुठे लागलीय तुला?

म्हणून मंगळवारी सकाळी निघण्याआधी मी मोबाईल ताईसमोर धरला. "तुझं ते गाणं म्हण बघू."

"मी आणि गाणं!" ती हसली, पण लाजल्यासारखी. मग तिनं डोळे मिटले आणि एकामागून एक तीन चाली म्हटल्या. मधेमधे ती थांबत होती. किती वेळ थांबायचं हे तिला ठाऊक होतं. बोटानं मांडीवर मात्रा मोजायची आणि बरोबर पुढचं धरायची. जणू मधला भाग दुसरं कुणी वाजवत होतं.

तळघरात जाऊन मी तिसरी, चौथी आणि पाचवी तबकडी काढली. वर्तमानपत्राचा कागद इतका चिकटला होता की सोडवताना त्याचा भुगा झाला. म्हणजे मधे कुणी उघडल्या नव्हत्या.

तिसरी, चौथी, पाचवी. त्याच क्रमानं. ताईनं जिथे थांबून मांडीवर बोट आपटलं होतं, तिथे बासरी होती.

४

दर बुधवारी आमच्याकडे एक बाई येतात. ऐंशी ओलांडलेल्या, काठीसारख्या बारीक, घसा कायमचा बसलेला. तरुणपणी सिनेमाच्या कोरसमध्ये गायच्या. ऑफिसात सगळे त्यांना कोरसमावशी म्हणतात. तबकडीवर मुख्य गायिकेचं नाव असतं, मागच्या बायकांचं कुणी लिहीत नाही. मावशी ऐकतात आणि सांगतात, ही अमुक, ही तमुक. नावं त्यांनाही आठवत नाहीत, पण माणसं आठवतात. घारी. उंच. डबेवाली, कारण ती सगळ्यांसाठी डबा आणायची.

मी त्यांना पहिली तबकडी ऐकवली. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं दुमडायला सुरुवात केली.

"घारी. ही उंच. डबेवाली... आणि ही मी, बघ, कशी टिपेला जायचे! ही रडवी, नवऱ्यानं टाकलेली. मग त्या दोघी बहिणी. झाल्या सात." त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "परत लाव."

परत लावली.

"ही कोण?"

"कुठली, मावशी?"

"कडेची. आठवी. आमच्यातली नाही ही." त्यांनी कपाळाला आठी घातली. "बेसूर आहे गं. आमच्या संगीतकारानं हिला दारातसुद्धा उभं केलं नसतं."

तक्त्यात मी स्वतःच्या हातानं सात लिहिलं होतं. मी दुसरा हेडफोन जोडला आणि ऐकलं. सात आवाज एकसारखे उठत होते, आणि कडेला एक आठवा, किंचित खाली, प्रयत्न करत असलेला. आलाप संपायचा, सगळ्या थांबायच्या, आणि त्या आठवीचा श्वास सुटताना एक बारीक आवाज यायचा.

"हं."

मी सुई उचलली. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"ओळखीची आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलण्याचं कारण मलाही सांगता येणार नाही.

५

गुरुवारची फाईल माझ्याकडे होती. ती लावली. सात. तबकडी लावली. आठ. फाईल, सात. तबकडी, आठ. दुपारभर मी हेच करत बसले.

शेवटी साहेबांना खाली बोलावलं. साहेब चांगले आहेत, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी दोन्ही ऐकलं, मान हलवली.

"फरक आहे खरा, मॅडम. गुरुवारी सुई झिजलेली असेल. एक आवाज निसटला असणार."

"सुई नवी होती."

"मग तबकडी नीट पुसली गेली नसेल." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही दमलेल्या दिसताय. आठ दिवस रजा घ्या. ही गाणी साठ वर्षं थांबली, अजून आठ दिवसांनी काही बिघडत नाही."

ते खरंच बोलत होते. मी दमलेलीच होते. दमलेल्या माणसाची हीच पंचाईत असते, त्याच्याबद्दल कुणी काही म्हटलं तरी ते खरंच निघतं.

पाच वाजता पेटी बंद करण्याआधी मी पहिली तबकडी शेवटची म्हणून लावली. आठवा आवाज आता कडेला नव्हता. बाकीच्यांच्या मधे आला होता. आणि सुरातही, जवळजवळ.

६

त्याच संध्याकाळी ताईचा आवाज बसलेला होता.

"वारा लागला असेल," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. दुसऱ्या दिवशी घोगराही राहिला नाही, नुसती हवा यायची. शनिवारी टॅक्सी करून, जिन्यावर शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला उतरवून मी घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून आत पाहिलं, पडद्यावर मलाही दाखवलं. गुलाबी, स्वच्छ, स्वरयंत्राच्या दोन पट्ट्या उघडतायत, मिटतायत.

"घसा तरुण बाईसारखा आहे," डॉक्टर म्हणाले. "आवाज न यायला काही कारण दिसत नाही. फार गातात का या?"

ताईला हसू आलं. तिचे खांदे हलले, आवाज आला नाही.

एकतीस वर्षं त्या आवाजानं कुणाकुणाला काय काय जोडून दिलं होतं. कुणाला मुलगा झाला, कुणाचं माणूस गेलं, आधी कानावर यायचा तो ताईचा "थांबा हं." परत येताना टॅक्सीत मी खिडकीबाहेर बघत होते, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. तिनं माझा हात दाबला. चेहऱ्यावर काळजी नव्हतीच. लग्नाचं बोलावणं आलेल्या मुलीसारखी ती दिसत होती.

घरी मी तिच्या हातात वही दिली. "ताई, खरं सांग. काय होतंय तुला?"

तिनं बराच विचार करून लिहिलं: काही नाही गं. बरं वाटतंय.

"ती गाणी तुला कुठं ऐकू येतात?"

पेन थांबलं. मग तिनं लिहिलं: मी बेसूर आहे तरी काही म्हणत नाहीत.

"कोण?"

तिनं वही मिटली आणि माझ्या गालाला हात लावला. हात गरम होता, पुष्कळ वेळ कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

७

सोमवारी मी पहिली तबकडी दोन्ही हातांत धरून उभी राहिले. लाखेची तबकडी फोडायला जोर लागत नाही, हातातून सुटली तरी पुरते. पण ताईचा आवाज आता त्यातच असला तर? तुकड्यांतून तो परत येणार होता की संपणार होता? मी ती पुन्हा पेटीत ठेवली, रजेचा अर्ज दिला आणि कोरसमावशींच्या घरी गेले.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदाच जात होते. तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टीव्ही मोठ्यांदा चालू, आतल्या खोलीत दोन रेडिओ दोन वेगवेगळ्या स्टेशनांवर, मोरीत नळ बादलीत पडत होता. मी नळ बंद करायला गेले.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "चालू असू दे सगळं."

मी त्यांना ताईचं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग म्हणाल्या, "पेटीतलं सातवं गाणं ऐकलंस?"

"नाही अजून."

"त्यात मी आहे. पण त्या दिवशी मी गेले नव्हते. तापानं फणफणले होते, घरी अंथरुणात. सहाजणींत भागवलं म्हणून निरोप आला. महिन्याभरानं नमुन्याची तबकडी वाजवून दाखवली. सातजणी. टिपेला मी." त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. "तेव्हापासून हा असा."

"मग तुम्ही... म्हणजे तुम्ही इथं कशा राहिलात?"

"आईनं सोडलं नाही. मी पडल्या पडल्या ताल धरायला लागले, की ती बोलायला लागायची. काहीही. भाजी आणली, पायरी तुटली, शेजारीण अशी म्हणाली. ओळखीच्या माणसाचं बोलणं मधे आलं की पुढचं धरता येत नाही. दोन आठवडे अखंड बोलली. तिचा घसा फाटला."

"आणि मग?"

"मग माझी मावशी बसली बोलायला. मग आत्या. सहा आठवड्यांनी ते थांबलं. आमचं घर माणसांनी भरलेलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे कोण कोण आहे?"

"आम्ही दोघीच."

मावशींनी टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. टीव्हीवर हवामानाचा अंदाज चालला होता.

"मावशी, इतकं झाल्यावर तुम्ही दर बुधवारी जुनी गाणी ऐकायला का येता?"

"माझा गळा तिथंच आहे ना," त्या म्हणाल्या. "भेटायला येते."

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी माझी बाही धरली. "उभी राहायला लागली का गं ती? आम्ही कोरस उभ्यानं म्हणायचो. एकच माईक. अर्धा गोल करून, खांद्याला खांदा."

"तिला उभं राहता येत नाही. गुडघे गेलेत."

"मग वेळ आहे," मावशी म्हणाल्या.

८

मी घरी जाऊन बोलायला लागले. सुरुवातीला हसू आलं. ताईलाही. मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, जाहिरातींसकट. बाबांची नक्कल केली. लहानपणी तिनं माझी बाहुली शिवायच्या यंत्रात अडकवली होती त्यावरून भांडण काढलं. बिघडलेला रेडिओ दुरुस्त करून आणला, पण त्यावर ती नुसती मान डोलवायची, आणि मान रेडिओच्या तालावर डोलत नसे. रेडिओनं भागणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. ओट्याजवळ स्टूल होतं. म्हटलं, दोन मिनिटं टेकू. खिडकीतून ऊन येत होतं, भिंत उबदार होती. मी डोळे मिटले. झोपले नाही, एवढं मला पक्कं आठवतं. फक्त गप्प बसले.

घर शांत झालं. फ्रीज बंद पडतो तेव्हा जसं एकदम कळतं, की इतका वेळ काहीतरी चालू होतं, तसं. मग बाहेरच्या खोलीतून श्वास घेतल्याचा आवाज आला. गायच्या आधी घेतात तो. एकाच क्षणी घेतलेला, पुष्कळ नाकांनी.

मी दारात गेले.

ताई उभी होती. काठी खुर्चीला टेकलेली, आणि ती खोलीच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून, हनुवटी वर, टाचा जमिनीपासून सुटलेल्या. समोर काहीच नव्हतं, कपाटाची बाजू आणि कॅलेंडर. तिनं अंग चोरून घेतलं होतं, गर्दीत उभं राहिल्यावर घेतात तसं. तिच्या गाऊनची डावी बाही फुगीर होती. ती दंडाला चपटी दाबली गेली होती. मी बघत असताना आणखी थोडी दाबली गेली.

मग तिनं मान वळवून मला पाहिलं. तिला आनंद झाला. ती डावीकडे अर्धं पाऊल सरकली, तिच्या उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली, आणि कमरेशी धरलेल्या हाताची दोन बोटं तिनं हलवली. उशीर झालेल्या मैत्रिणीला, इतरांना कळू न देता, बोलावतात तशी. ये. पटकन.

मी दारात होते, असं मला वाटत होतं. पण हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता, इतकी मी आत आले होते. पावलं कधी टाकली, माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की पाठ दुखायची थांबली होती, आणि मला गावं लागणार नाही असं वाटत होतं. इतक्या जणींत एकीनं नुसतं उभं राहिलं तरी चाललं असतं.

"दूध उतू गेलं असेल!" मी ओरडले. दूध गॅसवर नव्हतंच. "ताई, दूध, आणि ते... तो नळ गळतोय, नळवाल्याला फोन करायचाय, तुझ्याकडे नंबर आहे का त्याचा, मागच्या वेळी तूच लिहून ठेवलेलास ना..."

बाही सुटली. ताईचे गुडघे मोडल्यासारखे वाकले आणि मी तिला जेमतेम खुर्चीत बसवलं. ती रडत होती. वही मागून तिनं लिहिलं: चिमे, मला कुणी कधी सोबत घेतलंच नव्हतं गं.

मी तिचे डोळे पुसले आणि नळाबद्दल बोलत राहिले.

९

मी बोलायला लागले त्याला आता सतरा दिवस झाले. पेटी साहेबांनी माझ्या सांगण्यावरून कुलपात ठेवलीय. का, ते विचारलं नाही, माझ्या चेहऱ्यावरून समजले असावेत. सकाळी दोन तास खालची शिंपीण येऊन बसते. तिला बोलायला विषय लागत नाही, देवानं तिला दोन माणसांची जीभ दिलीय. तेवढ्यात मी झोपते. रात्री ताई झोपली, की तिच्या मनगटाला आणि माझ्या मनगटाला ओढणीची दोन टोकं बांधते. ती हलली की मी जागी होते आणि बोलायला लागते.

सुधारणा आहे. परवा तिनं वहीशिवाय पाणी मागितलं. "पा" ऐकू आलं, "णी" हवेत गेलं. शिंपिणीला मी घट्ट मिठी मारली. कोरसमावशी फोन करतात, पाचेक मिनिटं ताईशी बोलतात, पण त्यांचा घसा त्याहून जास्त टिकत नाही. त्या म्हणाल्या, सहा आठवडे. म्हणजे अजून पंचवीस दिवस. जातील तेही.

माझं बोलणं संपत आलंय, तरी बोलते. बसचे नंबर सांगते. आमच्या शाळेतल्या मुलींची हजेरी घेते. कालपासून माझा आवाज चिरकायला लागलाय, गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करते, आणि गुळणी करताना एका हातानं टेबल वाजवत राहते.

पण बोलता बोलता श्वास घ्यावाच लागतो. त्याला उपाय नाही. कितीही घाईनं घेतला तरी क्षणभर घर शांत होतं, आणि तेवढ्यात ताई खुर्चीतल्या खुर्चीत थोडी डावीकडे सरकते. काही म्हणत नाही, माझ्याकडे बघतही नाही. तिच्या उजव्या बाजूला जागा होते.

मी दमलेय. त्या जागेकडे बघायचं मी टाळते.